मेसेज खिशातच होता



पाच-सहा दिवस पेजवर काही टाकलं नाही, काढणी चालू होती. वरच्या तुकड्यातलं सोयाबीन काढून बनीम लावली, ताडपत्री टाकली. खालचे दोन एकर अजून उभे आहेत. शेंगा तडकायला लागल्यात आणि रोज दुपारी वर ढग जमतायत. उताऱ्याचं, भावाचं नंतर लिहीन. आज विजेबद्दल लिहायचंय. लाइटीबद्दल नव्हे, आभाळातल्या विजेबद्दल.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात घडलेली गोष्ट आहे, वर्षभर लिहू-लिहू करत राहून गेली. खरं सांगायचं तर लाज वाटत होती.

नऊ बाया कामाला होत्या. एकराचं गुत्तं ठरलेलं, त्यामुळं हात सपासप चाललेले. जेवणं झाली आणि दोनच्या सुमारास फोनवर मेसेज आला. येत्या तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, विजा, सोसाट्याचा वारा. मराठीतच होता, नीट वाचता येत होता. मी वाचला आणि फोन खिशात टाकला. त्या आठवड्यात तसले तीन मेसेज येऊन गेले होते आणि आमच्या शिवारात थेंब पडला नव्हता. म्हटलं, हा चौथा.

पाऊण तासानं उत्तरेकडून काळं आभाळ चढलं. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं असेल? बनीम. माणसं नाही आली डोक्यात, बनीम आली. बायांना हाक मारली, "मावशी, चला पटापट, आधी ताडपत्री ओढू." वीस मिनिटं आम्ही सगळे त्या ढिगाभोवती, उघड्या रानात, ताडपत्रीच्या दोऱ्या ओढत होतो, दगडं ठेवत होतो. गडगडाट चालू झालेला. झाकून झालं, पाऊस आला आणि बाया लिंबाच्या झाडाखाली पळाल्या. मीही गेलो. शेतात दुसरा आडोसाच नव्हता.

वीज आमच्या झाडावर नाही पडली. शेजारच्या बांधावरच्या बाभळीवर पडली, आमच्यापासून असेल शंभर-सव्वाशे पावलं. त्या बाभळीला साखळीनं बांधलेली शेजाऱ्याची म्हैस जागेवर गेली. आमच्यातल्या एक मावशी खाली बसल्या त्या उठेचनात. पाय बधिर झालेले, कानात दडे बसलेले. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत पायात जीव आला. कानाचं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्या परत कामावर आल्या. मी म्हटलं, मावशी, अजून दोन दिवस आराम करायचा की. तर म्हणाल्या, "दादा, मी तर झाडाखाली आधीच चालले होते. तुम्हीच म्हणलाव, आधी झाका म्हणून."

रागानं नाही म्हणाल्या, हसत म्हणाल्या. ते जास्त लागलं. आणि त्या आधी झाडाखाली गेल्या असत्या तरी काही बरं झालं नसतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तेव्हा मलाही नव्हतं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहावीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले आणि पहाटे चारच्या आत धरणी हलली. जवळपास आठ हजार माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याखाली गाडली गेली. भूकंपाचा इशारा तेव्हाही नव्हता आणि आजही कुणी आदल्या दिवशी सांगू शकत नाही. तिथं उपाय एकच, घर नीट बांधायचं. नंतरची गावं तशी बांधलीही. देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली आला, राष्ट्रीय प्राधिकरण झालं, जिल्ह्याजिल्ह्यात कक्ष झाले, १०७७ नंबर आला. आमच्या भागातल्या माणसाला हे सगळं पुस्तकातलं वाटत नाही, आम्ही त्याची किंमत मोजलीय.

पण विजेचं तसं नाही. विजेचा इशारा मिळतो. तो आता बऱ्यापैकी चांगला मिळतो, हे मान्य करायला पाहिजे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं देशभर विजा टिपणारे सेन्सर बसवलेत आणि त्यावर 'दामिनी' ॲप केलंय. तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडायला लागली की ते सांगतं. हवामान खात्याचा तीन-तीन तासांचा अंदाज येतो. 'सचेत'वरून मेसेज येतात. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय का? आमच्या गावात काही जणांनी भीतीनं फोन बंद करून टाकले, हॅक झाला म्हणून. ती टॉवरवरून थेट इशारा पोचवण्याची चाचणी होती. म्हणजे देशपातळीवर काम होतंय. विज्ञान पुढं गेलंय.

आणि तरीही माणसं मरतायत. २०२२ या एका वर्षात देशात विजेनं २,८८७ माणसं गेली, ही सरकारच्याच एनसीआरबीची नोंद. पुरानं, उष्माघातानं, थंडीनं जातात त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. पण एकेका शिवारात एकेक माणूस जातं, म्हणून बातमी आतल्या पानावर चार ओळींची. मेलेल्यांत जास्त करून रानात काम करणारे असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेसेज पोचला म्हणजे इशारा पोचला, असं धरून चालणं हीच चूक आहे. माझ्या खिशापर्यंत पोचला होता ना! पुढच्या वीस पावलांवर बाया होत्या, त्यांच्यापर्यंत नाही पोचला. नऊ जणींत फोन तिघींकडं होते. त्यातला एक घरी चार्जिंगला आणि दोन पिशवीत, बंद करून ठेवलेले. का बंद? तर आभाळ आलं की मोबाइल वीज ओढतो म्हणे. ही समजूत इतकी पक्की बसलीय की नेमक्या इशाऱ्याच्या वेळी लोक फोनच बंद करतात. मंडळी, हातातला मोबाइल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला फोन, मोटरीचा स्टार्टर, तारेचं कुंपण, लोखंडी पाइप, यांना हात लावू नका. मोबाइल चालू ठेवा, त्यातच निरोप येणार आहे.

दुसरं, त्या मेसेजची भाषा. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द आपण 'थोडाफार, किरकोळ' असा वाचतो. हवामान खात्याच्या हिशोबात त्याचा अर्थ वेगळा आहे. जिल्ह्यातल्या किंवा विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी होणार, म्हणजे तुरळक. 'काही ठिकाणी' म्हणजे त्याच्या वर, पन्नास टक्क्यांपर्यंत. हा शब्द किती जागी होणार ते सांगतो, किती जोरात होणार ते सांगत नाही. तुरळक ठिकाणी पडणारी वीजही वीजच. आमचा लातूर जिल्हा सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या पाव भागात म्हटलं तरी उरलेल्या पाऊण भागातला शेतकरी म्हणणार, बघा, अंदाज फेल गेला. मीही तसंच म्हणत होतो. विजेचा ढग अर्ध्या-पाऊण तासात उभा राहतो, पाच-दहा किलोमीटरचा असतो, आणि तो तुमच्या गट नंबरवर येणार की शेजारच्या गावावर हे दोन तास आधी कुणीच सांगू शकत नाही. खात्यावर खोटेपणाचा आरोप करून उपयोग नाही. पण खात्यानंही हे साध्या भाषेत सांगायला पाहिजे, नाहीतर 'लांडगा आला रे'ची गोष्ट होते.

हे साध्या भाषेत सांगणारा माणूस काही वर्षं होता, बरं का. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, देशात १९९. मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला यायचा: फवारणी आज नको, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा, जनावरं झाडाखाली बांधू नका. तिथला तज्ज्ञ गटावर प्रश्नांना उत्तरं द्यायचा. २०२४ मध्ये ही केंद्रं बंद केली. वर विद्यापीठ पातळीवरून सल्ला अजून येतो, पण फोन उचलून "सर, ढग उत्तरेला आहे, काय करू" असं विचारायचं माणूस गेलं. सॅटेलाइट, रडार, सेन्सर यांच्यावर खर्च करायचा आणि शेवटच्या टोकाचं माणूस कमी करायचं, हा हिशोब मला आजपर्यंत कळलेला नाही. इथं कृषीवाले बरेच जण वाचतात. त्यांना कळला असेल तर सांगा.

ओडिशाचं उदाहरण नेहमी देतात, आणि ते खरंच देण्यासारखं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं, तेही मोठंच होतं, पण मृत्यू पन्नासच्या आत राहिले. का, तर वादळ यायच्या आधी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली. अंदाज चांगला होता हे झालंच, पण जायला पक्क्या निवारा-इमारती बांधून ठेवल्या होत्या आणि दारात येऊन "चला" म्हणणारे गावातलेच स्वयंसेवक होते. मेसेज, जागा आणि हाताला धरून नेणारा माणूस, तिन्ही होतं. आपल्याकडं विजेच्या बाबतीत मेसेज आहे, बाकीचं दोन्ही नाही. वादळाला तीन दिवस मिळतात, विजेला कधी तीन तास, कधी वीस मिनिटं. म्हणजे जागा आधीपासून शिवारातच पाहिजे. वीस मिनिटांत चिखलातून दीड किलोमीटर गावात कोण पळणार? त्यातही साठीच्या मावशी?

(ओडिशात विजेसाठी ताडाची झाडं लावायचाही कार्यक्रम आहे. उंच झाड वीज स्वतःवर घेतं, ठीक. पण ताड उंच व्हायला पंधरा-वीस वर्षं लागणार. तोवर काय?)

झाडाखाली का नको, हे वर्षभरात मी वाचून, विचारून समजून घेतलं, ते इथं सांगतो. झाडावर पडलेली वीज खोडावरून खाली येताना बाजूच्या माणसावर उडी मारते, कारण लाकडापेक्षा माणसाच्या अंगातून तिला वाट सोपी. आणि जमिनीत शिरली की मुळाभोवती पसरते. तुमचा एक पाय जवळ, एक लांब असला की दोन पायांमध्ये फरक तयार होतो आणि वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. मावशींचे पाय असेच बधिर झाले. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय तर किती लांब! म्हणून झाडाखाली बांधलेली गुरं दावणीच्या दावणीनं जातात. काहीच आडोसा नसेल तर झाडापासून लांब, खोलगट जागी, दोन्ही टाचा जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि एकमेकांपासून अंतर ठेवायचं. भीतीनं आपण नेमकं उलटं करतो, घोळका करून बसतो. पण उकिडवं बसणं हा नाइलाज आहे, ती सुरक्षित जागा नव्हे. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा.

मोजायचं कसं, हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. सातवीत आहे. चमकलं की आकडे म्हणायचे, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस आकड्यांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम बंद. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. तिच्या शाळेत भूकंपाचा सराव होतो, बाकाखाली बसायचं वगैरे. विजेचं मात्र एका बाईंनी स्वतःहून सांगितलं, फळ्यावर काढून. त्या एका तासानं माझ्या शेतातला नियम बदलला. मला वाटतं, जनजागृतीच्या फ्लेक्सचे पैसे अशा बाईंकडं वळवले पाहिजेत.

आता पैशाचं. माणूस वीज पडून गेलं तर वारसाला चार लाख मिळतात, दुभती म्हैस गेली तर साडेसदतीस हजार. पंचनामा, शवविच्छेदन सगळं नीट झालं तर. शेजाऱ्याला म्हशीचे मिळाले, उशिरा का होईना. पण तीच म्हैस मरू नये म्हणून खर्च करायला कागदावर सोपी वाट नाही. पंधराव्या वित्त आयोगानं आपत्तीच्या राज्य निधीत ८० टक्के मदत-बचावाला आणि २० टक्के आधीच्या उपायांना, म्हणजे धोका कमी करायला, असा भाग पाडून दिलाय. वीजसुरक्षेसाठी केंद्रानं दहा राज्यांतल्या पन्नास जिल्ह्यांकरता १८६.७८ कोटींचा प्रकल्पही मंजूर केलाय, त्यात महाराष्ट्र आहे. जिल्ह्यामागं पावणेचार कोटींच्या आसपास पडतात. फार नाहीत, पण त्यातून शहरातल्या कचेऱ्यांवरच वीजरोधक बसले तर आमच्या रानातल्या बायांना त्याचा उपयोग शून्य. माझी मागणी अशी: शिवारात, पाणंद रस्त्याच्या कडेला, वीजरोधक बसवलेली पक्की खोली. दहा-पंधरा माणसं उभी राहतील एवढी. एरवी तिथं बी-बियाणं ठेवा, फवारणीवाल्यांनी हातपाय धुवावेत, काही करा. चार बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड म्हणजे निवारा नव्हे, हे मात्र लिहून ठेवा. तसलं शेड बांधून फोटो काढायची घाई होईल.

आणि सगळ्यात अवघड मुद्दा, ज्यावर कुठल्याच बैठकीत कुणी बोलत नाही. इशारा ऐकायचा तर काम थांबतं. त्याचे पैसे कोणी सोसायचे? गुत्त्यावरच्या बाईनं दोन तास बसून काढले तर तिचे दोन तास गेले. म्हणून ती थांबत नाही. मालक थांबवत नाही, कारण त्याचं सोयाबीन भिजतं. दोघंही आभाळाकडं बघत कापत राहतात. शहाणपणा नाही म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून.

यंदा मी एवढं केलं. ढगाळ दिवसात गुत्तं नाही, रोजानं काम. बाईला ४०० रोज. तीसच्या आत आकडा आला की मी स्वतः शिट्टी वाजवतो आणि सगळे निघतात. बसल्या वेळेचा पैसा कापत नाही. बनीम सकाळीच झाकून ठेवायची, लागेल तेवढीच उघडायची, म्हणजे दुपारी तिच्यामागं पळावं लागत नाही. काढणीच्या दिवसात मजूर आणणारी क्रूझर भाड्यानं तिथंच थांबवून ठेवतो. पक्क्या लोखंडी टपाची, काचा बंद केलेली गाडी चालते, आत बसून लोखंडाला टेकायचं नाही. ट्रॅक्टर, मोटरसायकल, ताडपत्रीचं पिकअप चालत नाही. आतापर्यंत तीनदा काम थांबवलं, दोन-दोन तास. मजुरीचा हिशोब काढला तर सत्तावीसशे रुपये. गाडीचं भाडं वेगळं. म्हणजे मजुरीचे धरले तर एक क्विंटल सोयाबीनही नाही. तीनपैकी दोन वेळा वीज आमच्याकडं आलीच नाही. पहिल्यांदा बाया हसल्या, तिसऱ्यांदा शिट्टीच्या आधीच विळे ठेवून उभ्या होत्या.

सगळ्यांना हे जमणार नाही, मला माहीत आहे. दोन एकरवाल्यानं क्रूझर कुठून थांबवायची? म्हणूनच म्हणतो की हे गावानं करायचं काम आहे. मंदिराचा भोंगा आहे, पोलीस पाटील आहेत. 'आपदा मित्र' योजनेत देशात एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं होतं, आमच्या गावात एकही नाही. सरपंचांना भेटून आलो. दुपारी दोन ते सहा एका पोरानं दामिनी बघायचं आणि भोंग्यावरून सांगायचं, एवढीच मागणी केली. पूर्वी कोतवाल दवंडी देतच होता की. सरपंच म्हणाले, ग्रामसभेत मांडा. मांडणार आहे.

तोवर आखाड्यावरच्या खोलीला वीजरोधक बसवून घेतोय. इथं एक अडचण आहे, जाणकारांनी सांगावं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवती माती सुटते आणि नेमक्या एप्रिल-मेच्या वळवाच्या विजांच्या वेळी अर्थिंग कोरडं पडतं. मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालत राहायचं की सळई आणखी खोल न्यायची? कुणी काळ्या रानात बसवलं असेल तर किती फूट नेलं आणि मोजमाप काय आलं ते खाली लिहा. मिस्त्री सोमवारी येतोय, त्याच्या आत कळलं तर बरं.